बुजवलेला चौकोन

धक्क्यावर बोटीचा दोर मी बांधते. बेटावरून कोण गेलं, कोण आलं, ते माझ्या नजरेतून सुटत नाही. म्हणून शेजारच्या गेनसाकुने बायको शहरात गेल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"फुसाए कधी गेली, भावजी?"

"मंगळवारी. पोरीकडे."

मंगळवारी समुद्र खवळलेला होता, बोट आलीच नव्हती.

मग त्याने ओसरीच्या कागदी दाराचा खालचा चौकोन बुजवला. आमच्याकडे तो चौकोन मांजरांसाठी मोकळाच ठेवतात. तेरा माणसं आणि शंभर मांजरं, दुसरं करणार काय? शिवाय धक्क्यावरून बांगडे न्यायचा ते दोघांपुरते. फुसाएच्या हातचं खाणारी बावीस मांजरं दिवसभर त्या दाराकडे तोंड करून बसलेली. माणूस खोटं बोलेल, मांजर कशाला बोलेल? गेनसाकु तापट, फुसाए तोंडाळ. मला नाही नाही ते सुचू लागलं.

शेवटी एका दुपारी मी बोटाने तो कागद फाडला आणि आत डोकावले.

फुसाए समोरच बसली होती, धडधाकट.

"कोण गं तू?" तिने विचारलं.

चाळीस वर्षं आम्ही शिंपल्यांसाठी जोडीने बुड्या मारल्या होत्या.

"मांजर दिसलं की ही त्याच्या मागे निघते," गेनसाकु माझ्या मागून म्हणाला. "दोनदा पाण्यात गेली. गुरुवारच्या बोटीने येणाऱ्या नर्सला कळलं तर हिला पलीकडच्या वृद्धाश्रमात नेतील. जा, सांग आता. तुझं तोंड कुठे बंद राहतं!"

"मेल्याहून मेल्यासारखं नका करू, भावजी. कागद मी उद्या लावून देते."

गुरुवारी बोटीतून नर्स उतरली. त्याआधीच मी बांगड्यांची डोकी टाकून बावीसही मांजरं माझ्या दारात आणली होती.

"फुसाए आजी कुठे दिसत नाहीत?"

"पोरीकडे गेली. दोर मीच सोडला की!"

"आणि तुमच्या दारात एवढी मांजरं?"

"म्हातारपणी लळा लागतो, बाई."

ती हसली, वहीत काहीतरी लिहू लागली. तेवढ्यात शेजारून फुसाएने मांजरांना हाक मारली, अगदी पूर्वीसारखी, खणखणीत. कागद लावायचा माझ्याकडून राहूनच गेला होता.

बावीसही मांजरं खाणं टाकून उठली आणि त्या फाटक्या चौकोनाकडे निघाली. नर्सने वही मिटली आणि ती त्यांच्या मागे गेली.