आधी नारळ, मग माणूस

मित्रांनो, मी एक जुना स्ट्रेचर आहे. वसमत तालुक्यात हट्ट्याच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला मी टेकून उभा असतो. हळदीच्या दिवसांत मला आडवा करतात आणि शिजवलेली हळद माझ्यावर वाळत घालतात. म्हणून मी असा पिवळा दिसतो. पाहुण्यांनी विचारलं तर लोक म्हणतात, हे हेलिकॉप्टरचं आहे. त्यापुढचं कुणी सांगत नाही. मी सांगतो. मला कुणाची भीड नाही. पत्र्याच्या नळ्यांना आणि कॅनव्हासला कोण काय करणार?

माझा जन्म औरंगाबादच्या एका कारखान्यात झाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन लांब नळ्या, मध्ये जाड कॅनव्हास, रुग्ण पडू नये म्हणून बांधायला पट्टे, एवढाच माझा देह. मला एका धर्मादाय ट्रस्टने विकत घेतलं. मुंबईच्या एका शेठजींनी आईच्या स्मरणार्थ तो काढला होता. ट्रस्टचं एक हेलिकॉप्टर होतं आणि ते नांदेडच्या बाहेर एका माळावर उभं असे. जिथे रस्ता नाही, पूल वाहून गेला आहे, मोठा दवाखाना लांब आहे, तिथून माणूस उचलून आणायचा, हे त्याचं काम. मी त्याच्या पोटात राहायचो.

खोटं कशाला बोलू, ते दिवस फार चांगले होते. पूर्णेला पूर आला तेव्हा झाडावर अडकलेली एक म्हातारी मी आणली. पुसेगावकडचा साप चावलेला एक गडी आणला. उतरल्यावर त्याने आधी बिडी मागितली. आणि एका तांड्यावरची जिवनबाई! तिचं मूल अडलं होतं. दवाखाना यायच्या आतच ती माझ्यावर बाळंत झाली, तीही आभाळात. आमच्या ज्योती सिस्टरने लेकरू हातात धरलं आणि हसत म्हणाली, "जिवनबाई, याचं गाव कोणतं लिहायचं गं? ढग?" अशी तीन बाळंतपणं माझ्यावर झाली. प्रत्येक वेळी ज्योतीने मला डेटॉलने घासून उन्हात टाकलं. मला कधी विटाळ झाला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग माझे पट्टे झिजले. माझ्या जागी नवा स्ट्रेचर आला. त्याच सुमारास ट्रस्टने ठरवलं, की गावोगाव हेलिकॉप्टर उतरायला जागा करायची आणि त्या गावाला एक स्ट्रेचर भेट द्यायचा. मला चंदेरी रंग दिला, नवे पट्टे शिवले. दाखवायला न्यायच्या पोरीला नटवतात तसं नटवलं आणि नवा म्हणून खपवलं.

या गावाने शाळेमागचा माळ साफ केला. मध्ये चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं. दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही उतरलो तेव्हा सगळं गाव दोरीच्या पलीकडे उभं होतं. हेलिकॉप्टरमधून शेठजी उतरले, ज्योती उतरली, मला उतरवलं. सरपंच गुणाजीरावांनी स्वतः माझ्या गळ्यात झेंडूचे हार घातले. मला गळा नाही, पण हौसेला मोल नाही. हळदकुंकू लावलं आणि मला मंडपातल्या टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात दोरीपाशी एक बैलगाडी येऊन थांबली. मेंढ्या राखणारा अंगद गाडीतून उतरला. गाडीत त्याची बायको मोहिनी होती, उशाला त्याची आई बनाबाई, तिच्या पदरात लेकरू. मोहिनी पहाटे बाळंत झाली होती, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. गावातल्या दोन्ही जीपा पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या. शिवाय हेलिकॉप्टर दारात येत असताना बैलगाडीने वसमतला कोण जाईल? अंगदला वाटलं, देवच पावला.

तो वाकून मंडपात आला. सरपंचांच्या कानाशी लागून म्हणाला, "मालक, मोहिनीची तब्येत लई बिघडून राहिली. तेवढं इमानात घ्यायला सांगा न."

गुणाजीराव माझ्या अगदी जवळ उभे होते. ते हळूच म्हणाले, "अरे, नवीकोरी वस्तू हाय. अजून नारळ फुटला न्हाई. पयल्याच दिवशी बाळंतिणीचा विटाळ करतो का? जरा दम धर. आधी जावाई बसू दे, मग तुझीच बायको."

मित्रांनो, मी तेव्हा ओरडलो असतो. नवीकोरी! अरे, माझ्यावर तीन बायका बाळंत झाल्यात! पण स्ट्रेचरला तोंड नसतं. अंगदला होतं. तो म्हणाला, "व्हय मालक," आणि परत जाऊन बैलांपाशी उभा राहिला.

आता या जावयाचं ऐका. रुग्ण कसा उचलतात याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. त्यासाठी रुग्ण म्हणून कोण? तर सरपंचांचा धडधाकट जावई. गावात जावयाचा मान पहिला. भाषणं झाली, शाली झाल्या, नारळ फुटला. जावयाच्या डोक्याला पट्टी बांधून तिच्यावर कुंकवाचं पाणी शिंपडलं. तो माझ्यावर झोपला. पानाचा वास येत होता त्याला. चौघांनी मला उचललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही उडालो. वरून त्याने सासऱ्याचं घर ओळखलं, बायकोला हात केला. पायलटला म्हणाला, "आणखी एक चक्कर होऊ द्या न साहेब, शेत दिसलं न्हाई." पायलटने आणखी एक फेरी मारली. खाली दोरीपाशी बैलगाडी दिसत होती, आगपेटीएवढी.

उतरल्यावर ज्योतीचं लक्ष त्या गाडीकडे गेलं. ती धावत गेली. मोहिनीवर काळी घोंगडी पांघरली होती. काळ्या घोंगडीवर रक्त दिसत नाही. ज्योतीने घोंगडी उचलायला हात घातला आणि हात लाल झाला.

"काहून सांगितलं नाही मला?" ती ओरडली.

अंगद खाली बघत राहिला. "कसं सांगू बाई? बायांची गोष्ट. मालकांना सांगतलं होतं."

ज्योतीने मला स्वतः ओढत नेलं. हार काढायलाही वेळ नव्हता. मोहिनीला माझ्यावर ठेवलं. ती जावयापेक्षा कितीतरी हलकी होती. शेठजी परतीसाठी हेलिकॉप्टरमध्ये जाऊन बसले होते. त्यांना उतरा म्हणून सांगावं लागलं. ते उतरले, पण आधी चप्पल शोधली. आम्ही चुन्याच्या वर्तुळात पोचलो आणि मोहिनीने मान टाकली. ज्योती तिच्या छातीवर दाब देत राहिली. पंखा फिरत होता, चुना उडत होता, आणि बनाबाई लेकराला पदरात धरून दोरीच्या पलीकडेच उभी होती, कारण तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

शेठजींनी डोळे पुसले. मग उजेड आहे तोवर निघायला हवं म्हणाले. ज्योती गेली ती मान खाली घालून गेली, पुन्हा या गावात आली नाही. मोहिनीसाठी फुलं आणायला कुणाला सुचलं नाही. अंगदने माझ्या अंगावरचे हार काढून तिला घातले. तिला घरी नेलं ते माझ्यावरूनच. पेपरात जावयाचा फोटो आला, डोक्याला पट्टी बांधलेला. खाली छापलं होतं, पहिल्याच रुग्णाला जीवदान. तो फोटो ग्रामपंचायतीत अजून आहे.

हेलिकॉप्टर त्या माळावर परत उतरलं नाही. ट्रस्ट पुढे बंद पडला. ऐकतो, की आता ते लग्नांत वरून फुलं टाकतं. जिवनबाईचं पोरगं मात्र आता तांड्यावरून शाळेत जात असेल, या विचाराने मला बरं वाटतं आणि लगेच वाईटही वाटतं.

परवा एक पोरगी माझ्यावर येऊन बसली. शेळीच्या दुधावर वाढलेली, काटक. मोहिनीची लेक. बनाबाईने तिला दंडाला धरून उठवलं.

"काहून आजी? काय हाय हे?"

"हाराचं हाय ते," बनाबाई म्हणाली. "माणसाचं न्हाई. चल घरी."

मित्रांनो, हेलिकॉप्टर, जीप, स्ट्रेचर, सगळं दान देणारे देतात. त्याची पूजा करा, मी नाही म्हणत नाही. पण दारात माणूस पडलेला असेल तर आधी त्याला उचला. नारळ दुसऱ्या दिवशी फोडला म्हणून त्यातलं पाणी आटत नाही.