लव्ही आत्याची सही

"चाळीस सह्या झाल्या, आत्या. तुझी तेवढी राहिली," व्हर्डेलने कागद पुढे सरकवले.

चौऱ्याण्णव वर्षांच्या लव्ही आत्याने कोळंबी सोलणं थांबवलं नाही. "माझा बाप म्हणायचा, जमिनीच्या कागदाला हात लावू नका."

बापाचं खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या या बेटावर काळ्या माणसांच्या किती जमिनी कोर्टातल्या कागदांनी गिळल्या होत्या. म्हणून तर तिच्या आजोबांनी, प्रिन्स मंगिन नावाच्या शेतमजुराने, कापूस वेचून घेतलेली दहा एकर जमीन कुणाच्याच नावे केली नाही. मृत्युपत्र नाही, वाटणी नाही. सगळ्यांची आहे, राहा म्हणाले. शहाणपण म्हणून केलेलं तेच अंगाशी आलं. कागदावर मालकच नाही म्हणून आता वादळात उडालेल्या छपराला सरकारी मदत मिळेना, व्हर्डेलच्या नातीला घर बांधायला बँक कर्ज देईना. आणि एखाद्या लांबच्या वारसाने वाटा विकला, तर घेणारा कोर्टातून अख्ख्या जमिनीचा लिलाव करवू शकत होता. शाळेच्या स्वयंपाकघरात राबून व्हर्डेल अकरा वर्षं सुट्टीसुट्टीला वारस हुडकत हिंडली होती.

"कुणाकुणाच्या सह्या? वाच."

"फिलाडेल्फियाचा अब्राम."

"डाव्या पायाला सहा बोटं. त्याच्या आईला दूध नव्हतं, मी पाजलाय त्याला."

"डेट्रॉइटची युलाली."

"हेस्टरची नात. हेस्टर भर दुपारी बेट सोडून गेली. चुलीवर भात तसाच."

चाळीसही नावं झाली. म्हातारी एकदाही अडखळली नाही. व्हर्डेल थक्क होऊन बघत राहिली. अकरा वर्षं ज्यांच्यासाठी पायपीट केली ती सगळी माणसं या बाईने पोटाशी धरून ठेवली होती, आणि आपण मात्र पत्ते विचारत गावोगाव फिरलो.

"जमीन जाणार नाही ना, पोरी?"

"नाही. घराण्याच्या ट्रस्टकडे राहील. एकट्यादुकट्याला विकता येणार नाही."

आत्याने हात धुतले, कमरेला बांधलेल्या एप्रनला पुसले आणि एकेक अक्षर कोरत पूर्ण नाव लिहिलं. सोबत आलेले वकील, मिस्टर पोलाइट, शिक्का मारून बॅग आवरायला लागले.

"कुठं निघालास? बस. माझं मृत्युपत्र लिहून घे."

"आत्या, आजच?" व्हर्डेलने विचारलं.

"मग कधी? मी गेल्यावर ट्रस्टमधल्या माझ्या वाट्यासाठी कुणी वारस शोधत दारोदार फिरायला नको."

एकशे तीस वर्षांत मंगिनांच्या घरात कुणी मृत्युपत्र केलं नव्हतं. पोलाइट कोरा कागद काढून बसले. आत्याने पेन अजून खाली ठेवलंच नव्हतं.