मैदानातला फेस

अग्निशमन दलातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना बंबकाकाच म्हणायची. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची लेक एका सकाळी घरी आली, ती हातात अहवाल घेऊनच.

"बाबा, गल्लीच्या विहिरीत कायमची रसायनं निघालीत. कुजत नाहीत, विरत नाहीत. वर्षानुवर्षं पोटात गेली तर बाधतात."

"काहीतरीच! पाणी बघ, कसं काचेसारखं आहे," काकू म्हणाल्या.

"आई, ती दिसत नाहीत. वासही येत नाही त्यांना."

काकूंनी लगेच पदर खोचला. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं. दुपारपर्यंत पाणी उकळून उकळून निम्म्यावर आलं, तेव्हा लेकीने कपाळावर हात मारला.

"अगं, हे जंतू नाहीत मरायला! पाण्याची वाफ झाली, रसायनं तिथेच बसली. छान दाट काढा केलास त्यांचा!"

मायलेकी पोट धरून हसल्या. जेवायला बसलेले काका मात्र हसले नाहीत.

"आली कुठून ही?" त्यांनी विचारलं.

"आगीवर मारायच्या जुन्या फेसातून. मागच्या मैदानात मुरली असणार."

मागचं मैदान दलाच्या सरावाचं. तेल पेटवायचं आणि वर पांढराशुभ्र फेस मारायचा, हे काकांनी तिथे बावीस वर्षं केलं होतं. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" लेक म्हणाली.

"नव्हतं. पण नळी माझ्याच हातात होती ना."

 काका ताट सारून उठले. "आग कुणी लावली ते मागाहून बघू. आधी विझवू. काय आणायचं ते सांग."

लेकीने बजावलं, दिसेल तो फिल्टर उचलायचा नाही. कार्बनचा असो की आरओ, याच रसायनांसाठी तपासलेला आहे असं त्यावर लिहिलेलं हवं. काका तसाच शोधून घेऊन आले. सिंकखाली आडवे होऊन त्यांनी नळ्या जोडल्या आणि जुन्या सवयीने हुकूम सोडला, "पाणी सोडा!"

काकूंनी सोडलं. एक जोड ढिला राहिला होता. फवारा थेट काकांच्या छातीवर.

"जन्मभर लोकांना भिजवलंत," काकू म्हणाल्या, "आज फिटलं!"

आता काकाही खो खो हसले.

आठवड्याने फिल्टरच्या पाण्याचा अहवाल आला. रसायनं इतकी कमी, की यंत्राला सापडलीच नाहीत. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली. आधी दलात जाऊन जुन्या फेसाची उरलेली पिंपं त्यांनी सीलबंद करवली, मग असाच फिल्टर बसवून देण्यासाठी, या विहिरीचं पाणी नळाला येणाऱ्या चौदा घरांची दारं वाजवायला सुरुवात केली.

समोरच्या शिंपीणबाईंनी दार अडवलं. "तुमच्याच फेसाने घाण केली, आणि आता तुम्हीच शहाणपण शिकवणार?"

"हो, फेस माझाच," काका म्हणाले. "म्हणून तर आलोय."

  बाईंनी दार पुरतं उघडलं आणि सिंकखालचे डबे स्वतःच बाहेर काढले.

काकांनी प्रत्येक घरी सिंकच्या दारावर आतून तारीख लिहिली. फिल्टरमधली पाणी गाळणारी कांडी त्या दिवसापर्यंत बदललीच पाहिजे, नाहीतर फिल्टर असून नसल्यासारखा. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी त्यातलंच, हेही घरोघरी सांगितलं.

सहा महिन्यांनी नव्या कांड्या घेऊन ते शिंपीणबाईंकडे गेले, तर बाईंनी आधीच बदललेली. काकांनी जोडावरून बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत.

"पास की नापास?" बाईंनी विचारलं.

"पहिला नंबर!"

"मग चला. माझी बहीण मैदानाच्या पलीकडे राहते. तिच्या विहिरीचं पाणी अजून कुणी तपासलेलं नाही." एवढं बोलून बाईंनी काकांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरायलाही लागल्या.