सोमवारचा बांगडा

सुमंगलाबाईंना फोनवरची अक्षरं म्हणजे साखरेच्या डब्याला लागलेल्या मुंग्या वाटत. आणि सगळा घोळही साखरेचाच होता. म्हापशाच्या डॉक्टरने रक्त तपासून कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यांच्या मुलाने, म्हापशात बँकेत असलेल्या रुद्रेशने, त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आई आता कोरगावात एकटी राहणार नाही. म्हापशाच्या फ्लॅटवर येईल.

फ्लॅटवर त्या दोनदा राहून आल्या होत्या. तिथे सकाळी उठून बघायला काय, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाची वाळत घातलेली बनियन. कोरगावात परसात फणस होता, कुंपणापलीकडे पद्मावती होती, आणि भांडायचं झालं तर आवाज चढवायला ऐसपैस जागा होती.

"माका थंय न्यायचा तर आडवी न्यायची," त्यांनी सांगून टाकलं.

शेवटी सून सेजलने मधली वाट काढली. फोनवर एक अ‍ॅप असतं, खाल्लेलं त्यात भरायचं, आणि सेजल आपल्या फोनवर ते बघणार. चतुर्थीपर्यंत सगळं नीट दिसलं तर आईंनी खुशाल कोरगावात राहावं. काही भलतंसलतं दिसलं तर सामान बांधायचं.

मुंग्यांचा प्रश्न रुद्रेशने सोडवला. पणजीत एक ऑफिस होतं, तिथली पोरं रात्र रात्र जागून अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर गोड बोलत. ते बंद पडलं तेव्हा त्याने तिथला एक कॉम्प्युटर स्वस्तात उचलला होता. फोनवरची अ‍ॅपं चालवणारा एक प्रोग्राम त्याने त्यात घातला आणि तो आईच्या जेवणाच्या टेबलावर आणून बसवला. चालू केला की त्या रुंद काचेच्या मधोमध एक अरुंद फोन उभा राही. मोठ्या ताटात एकच तळलेली मिरची वाढावी तसा. पण अक्षरं मात्र पेडण्याच्या दसऱ्याच्या बॅनरएवढी. सुमंगलाबाई खूश झाल्या.

अ‍ॅप मात्र खूश नव्हतं. कॉम्प्युटर टेबलावरून हलत नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. परसातून नारळ उचलून, विहिरीवर दोन खेपा करून त्या घामाघूम होऊन बसल्या की ते विचारी: आज तुम्ही शून्य पावलं चाललात, बरं वाटत नाही का?

"टेबल चलाक लागला तर तुका सांगान हां," त्या म्हणत.

उकड्या तांदळाची पेज त्याला माहीत नव्हती. "कसलं तरी सूप?" असं त्याने अदबीने विचारलं. सुमंगलाबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या लहानपणी घरात अकरा माणसं सकाळी दहाच्या पेजेवर वाढली, पोर्तुगीज गेले तरी पेज गेली नाही, आणि याला ते सूप! त्यांच्या सासूबाई तर पोराच्या पोटावर टिचकी मारून आवाजावरून ठरवत, अजून वाढायचं की उठवायचं. हे अ‍ॅप टिचकी मारील तर शपथ.

तरी त्या नेमाने भरत होत्या. न्याहारी झाली की न्याहारी, जेवण झालं की जेवण. चतुर्थी जवळ येत चालली. आणि एका बुधवारी रुद्रेशचा फोन आला.

"आई, सोमवारी सकाळी तू काय खाल्लंस?"

"सोमवारी? फोव. कित्या रे?"

"हांगा बांगड्याची कोडी दिसता, आई. पोयीवांगडा."

सुमंगलाबाई आधी हसल्या, मग भडकल्या. सोमवार म्हणजे शिवराक. कांदा चालेल, पण मासळी नाही. लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, बाळंतपणात वैद्याने सांगूनही नाही.

"अरे, माझो महादेव बघता मी काय खातंय ता. तेका अ‍ॅप लागणा नाय!"

पण रुद्रेश हसला नाही. उलट त्याचा आवाज एकदम मऊ झाला. लहान मुलांशी आणि सुशीलाकाकीशी माणसं तसं बोलत. सुशीला म्हणजे त्यांची थोरली जाऊ. तिने एका एकादशीला भर दुपारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तळली होती. सगळे खोखो हसले. वर्षभरात ती पोटच्या पोरांना "तुम्ही खंयचे?" विचारू लागली.

"रविवारी आम्ही येतंव," रुद्रेश म्हणाला. "तुझे कपडे थोडे काढून ठेव."

फोन ठेवल्यावर सुमंगलाबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. खरं म्हणजे कोडी, आटवलेली बांगड्याची आमटी, घरात होती. रविवारी केलेली, सोमवारी झाकण उघडून न चाखता नुसती कढवलेली, आणि मंगळवारी सकाळी दाट झालेली, तिरफळाच्या वासाची ती कोडी पोयीला, कोंडा लावलेल्या पावाला, लावून त्यांनी बोटं चाटली होती. मंगळवारी. मंगळवारीच ना? सोमवारी झाकण उघडलं, तेव्हा हात कुठे गेला होता? आठवून आठवून पोह्यांची चवही पुसट झाली.

त्या कुंपणाशी गेल्या.

"पद्मावती, गो, सोमवारी मी काय खाल्लंय?"

"तुझ्या पोटाची खबर माका कशी असतली?" पद्मावती कपडे पिळता पिळता म्हणाली. "मी माझ्या घोवान काय खाल्ल्यान ता इचारणंय नाय."

"माझी सय जाता काय गो?"

पद्मावतीने पिळा तसाच हातात धरला. "माझ्या लग्नात तुका बसाक पाट मिळाक नाय, ता तू अजून दर गणपतीक सांगतंस. तुझी सय गेली तर गावाक सुख लागात!"

सुमंगलाबाईंना ते औषधासारखं लागलं. त्या घरी आल्या आणि यंत्रासमोर बसल्या. एक तर मी खोटी, नाहीतर हे. दोघांपैकी एकाची परीक्षा घ्यायलाच हवी. पण परीक्षेला असा पदार्थ हवा की जो आपण भुलूनसुद्धा खाल्ला नसेल.

गुरुवारी सकाळी चहा-पोयी झाली. त्यांनी एका बोटाने न्याहारीत लिहिलं: पिझ्झा. किती? सबंध. वर चीज? असू दे, कंजूषपणा कशाला. अ‍ॅपचं तोंड लाल झालं.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत कोळशाने एक जाड फुली मारली, पद्मावतीला बोलावून दाखवली, आणि फोनची वाट बघत बसल्या.

फोन सेजलचा आला, आणि धापा टाकत आला. "आई! काल सकाळी तुम्ही पिझ्झा खाल्लात?"

"कधी म्हणालीस?"

"काल. बुधवारी."

"परत सांग गो बाय, कसलो वार?"

"बुधवार! आई, तुम्हाला बरं आहे ना? कोरगावात पिझ्झा आणला कुणी?"

"कोणी आणूक नाय," सुमंगलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कॅलेंडरवरच्या गुरुवारच्या फुलीवर बोट टेकवलं. "रविवारी न्याहारीकच या, जेवून जावा. बॅग आणा नायतर आणू नका."

आणली. मोठी, चाकांची, निळी. रुद्रेशने ती ओसरीवर ठेवली आणि आईकडे न बघता म्हणाला, "आई, रागावू नको."

"तू बस हांगा." त्यांनी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आत्ताच पोयी खाल्लंय मी. भर. आणि खंयच्या वारार जाता ता तुझ्या बायलेक तिच्या फोनार वाचूक सांग."

रुद्रेशने भरलं. सेजलने आपल्या फोनवर बघितलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"शनिवार," ती म्हणाली.

रुद्रेश पुढे वाकला. काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं इवलंसं घड्याळ त्याने वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. यंत्र अजून अमेरिकेच्या वेळेवर होतं. जुन्या ऑफिसात तसंच चालायचं, आणि ते बदलायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोरगावात सकाळ होते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र चालू असते; म्हणून बाईंची प्रत्येक न्याहारी मागच्या दिवसात जाऊन पडे. दुपारपर्यंत तिथेही दिवस बदललेला असे, त्यामुळे जेवणं जागच्या जागी. मंगळवारची कोडी तेवढी सोमवारात जाऊन बाटली होती.

"आई, ह्या घड्याळात सकाळच्या पारार रात्रीचे अकरा वाजलेले तुका दिसाक नाय?"

"दिसले. म्हटलां बंद पडलाहा. तुझ्या बापाशीच्या घड्याळात पंधरा वर्षां चार वाजलेहत, तेचा कोण काय म्हणता?"

सेजल हसू दाबत होती, ते फुटलं. रुद्रेश नाही हसला. त्याने घड्याळ नीट केलं. "मी भियालंय, आई," तो म्हणाला. "माका काकीची सुंगटां आठवली."

"माका पण," सुमंगलाबाई म्हणाल्या, आणि चटकन उठून आत गेल्या. कारण हे आणखी थोडं चाललं असतं तर दोघंही रडली असती, आणि चुलीवर विसवण मासा होता.

जेवायला बसल्यावर रुद्रेशने तुकडा घेतला, कोडी घेतली, भात घेतला, पुन्हा तुकडा, पुन्हा भात. सुटलेल्या भीतीची भूक फार. सुमंगलाबाई वाढत राहिल्या आणि मोजत राहिल्या. मग हात खरकटे म्हणून त्यांनी कोपराने कॉम्प्युटर चालू केला.

"सेजल, ह्या यंत्रात दुसऱ्याचा खाता उघडूक येता?"

"येतं की. कुणाचं?"

"ह्या बँकेतल्या सायबाचा. पोट बघ तेचा, खुर्चीच्या आधी टेबलाक लागता. तू रोज तेच्या ताटात काय ता भर, मी हांगा मोठ्या अक्षरात वाचतंय."

"आई!" रुद्रेशच्या तोंडात घास होता.

"आणि काय भलतासलता दिसला," त्या मासा वाढत म्हणाल्या, "तर ती बॅग तयारच आसा. मधली खोली झाडून ठेवतंय."