कागदाला लावलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. घरोघरी ड्रॉवरमध्ये लोळणारी साधीसुधी नव्हे, शिंपीकामाची. वीतभराहून लांब, हातात घेतली की मनगटाला वजन कळावं अशी. मित्रांनो, माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्याशी कोणी वाकडं वागलं की मी डूख धरते. तेव्हा ही गोष्ट ऐकून 'कात्री किती गुणी' असं कोणी म्हणू नये.

ट्रकच्या मोडक्या पाट्याचं पोलाद तापवून, ठोकून एका लोहाराने माझी दोन पाती घडवली. त्यांना पितळी मुठी बसवल्या. शिवणाचा क्लास नुकताच संपवलेली एक तरुण बाई मला घ्यायला आली, तेव्हा तो तिला म्हणाला, "ताई, हिला कापड सोडून काही दाखवू नका. कागद तर नाहीच नाही. कागद धार खातो."

त्या बाईला मी आईच म्हणते, कारण घरात तिला हाक मारणारी एकटी तिची लेक होती आणि ती आई म्हणायची. लेकीचे वडील ती रांगत असतानाच गेले. मग आई शिवायची आणि मी कापायची. शाळेचे गणवेश, ब्लाउज, उशांचे अभ्रे, काय म्हणाल ते. लेकीचं पहिलं झबलं मीच कापलं. बायका म्हणायच्या, "हिच्या हातात माप आहे हो!" माझं नाव कोणी घ्यायचं नाही, पण काम संपलं की आई माझ्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडायची. मला तेवढं पुरे होतं.

लेक सहा वर्षांची असताना तिने चित्रं कापायला मला उचललं, तर आईने तिच्या हातावर चापट मारली. आयुष्यातली तेवढी एकच. "कापडाची आहे ती!" लेक खूप रडली, पण नियम पक्का शिकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेक शिकली, परदेशात नोकरीला लागली आणि आईला घेऊन गेली. मी टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेतून गेले. तिथे आईला कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात काम मिळालं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. तिथली भाषा आई शिकली ती दुकानापुरती: 'लहान', 'मोठं', 'दोरा', 'कागद', 'उद्या या'.

मग लेकीने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, उगीच खोटं का बोलू? पण त्याच्याबरोबर त्याची मावशी आली. तिच्या बगलेत सदा एक वही असे आणि वहीत याद्या. फुलांची यादी, खुर्च्यांची यादी, कोण कोणाशेजारी बसणार नाही त्याची यादी. मी तिचं नाव यादीमावशी ठेवलं.

"आमच्याकडे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते," यादीमावशी म्हणाली. लेकीने ते आईला मराठीत सांगितलं.

"आणि ऐनवेळी कोणी आलं तर?" आईने विचारलं.

लेकीने विचारून उत्तर आणलं. "ती म्हणते, येईल कसं? यादीत नाही ना."

आईला हसू आलं, पण तिने ते चहाच्या कपात लपवलं.

लग्नाला आठ दिवस उरले होते. आई स्वयंपाकघरात होती, लेक आणि यादीमावशी बाहेर. बाहेरच्या टेबलावर हॉलचा मोठा नकाशा पसरलेला, शेजारी जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी चमकी. एकेका पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी कापायची होती, अशा एकशे साठ. यादीमावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यावर झडप घातली.

मित्रांनो, चमकी म्हणजे बारीक वाळूच. दहाव्या चिठ्ठीला माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पन्नासाव्या चिठ्ठीला धार गेली. आई चहा घेऊन दारात आली, तिने पाहिलं, तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. व्याह्यांकडचं माणूस, त्यात भाषा येत नाही. तिने लेकीकडे पाहिलं. नियम लेकीला ठाऊक होता. लेकीने नकाशात डोकं घातलं.

कात्रीला सगळ्या भाषा सारख्याच कळतात, म्हणून पुढचंही मी ऐकलं. आईच्या नावाची चिठ्ठी कापून झाली तेव्हा मावशी म्हणाली, "पुढच्या टेबलावर बसणाऱ्यांना उठून चार शब्द बोलावे लागतात."

"मग तिला मागेच ठेवू या," लेक म्हणाली. "ती अवघडते."

चिठ्ठी गेली अठरा नंबरच्या टेबलावर. स्वयंपाकघराच्या दाराशी, खांबाच्या मागे. आई दोघींना चहा देऊन हसत उभी होती. तिला कळलंच नाही. मी मात्र त्याच क्षणी दोघींवर डूख धरला.

माझी धार गेल्याचे हाल आईनेच सोसले. लेकीच्या लग्नाच्या कपड्याची किनार कापायची राहिली होती. रेशीम माझ्या पात्यांत दुमडू लागलं. धारवाल्याकडे पंधरा दिवसांची रांग. आईने दोरे कापायची छोटी कात्री आणली आणि सगळी किनार तिने कापली. मनगट सुजलं. तरी लेकीजवळ एक अक्षर बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं माझं मत आहे.

लग्नाच्या दिवशी आईने आपली चिठ्ठी शोधली. पुढून शोधत शोधत ती अठरा नंबरपर्यंत गेली. बसली. मान डावीकडे वाकवून पाहिलं, मग उजवीकडे. लेक जिथे उभी राहणार होती तिथे तिला खांब दिसत होता. सगळी मंडळी येऊन बसली होती. आईने पिशवी मांडीवर घेतली आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

तेवढ्यात यादीमावशी धापा टाकत आली. तिच्या लांब, अंगासरशा पोशाखाचं अस्तर उसवून टाचेत अडकलं होतं. "कापा, लवकर कापा!" तिने हाताने खूण केली. आई तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. पिशवीत आम्ही दोघी होतो, मी आणि ती छोटी, धारदार. आईचा हात आत आला. छोटीवर थांबला. मग पुढे सरकला, आणि माझ्या मुठीत तिचा अंगठा गेला.

मी कापलं नाही. अस्तर आणि वरचं कापड दोन्ही पात्यांत घट्ट धरून बसले. मावशीने घाईघाईत हिसका दिला आणि पोशाख मागून कमरेपर्यंत टर्रकन फाटला. काय गोड आवाज होता तो!

आईने मला मावशीच्या डोळ्यांसमोर धरलं आणि तिच्या भाषेत एकच शब्द बोलली. "कागद."

मावशीला कळलं. चेहरा खर्रकन उतरला.

"उद्या या," आई शांतपणे म्हणाली.

मावशीने हात जोडायचेच बाकी ठेवले. मग आईने तिला आपला लांब कोट घालायला दिला, फाटका पोशाख हातावर घेतला आणि खुणेने समजावलं: शिवायला उजेड लागतो. उजेड पुढच्या टेबलाशी, खिडकीजवळ. त्या टेबलावर एकच खुर्ची रिकामी होती, मावशीची. आई तिथे जाऊन बसली. कोट घातलेली मावशी कुठे बसणार? अठरा नंबरला.

अशा रीतीने लेकीचं लग्न आईने तीन हातांवरून पाहिलं. लेक बोलत होती तेव्हा आईची सुई थांबली होती.

सगळं आटोपल्यावर लेक धावत आली. "आई, तू इथे कशी?"

"उजेड होता गं इथे," आई म्हणाली.

लेकीने मागे वळून पाहिलं. खांबाआडून मावशीची मान एकदा डावीकडे येत होती, एकदा उजवीकडे. मग लेकीची नजर टेबलावर माझ्याकडे गेली. तिने मला उचललं, धारेवरून अंगठा फिरवला. धार नव्हतीच, बोट कापणार कसं?

"आई, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

आजवर आई प्रत्येक वेळी 'असू दे' म्हणाली होती. त्या दिवशी म्हणाली नाही. "हो," ती म्हणाली, "हवं होतं." लेकीचे डोळे भरले. माझा दुसरा सूडही पुरा झाला आणि खरं सांगते, तो पहिल्याइतका गोड लागला नाही.

जेवणं होईपर्यंत आईने पोशाख असा शिवून दिला की कुठे फाटला होता ते मावशीला शोधूनही सापडेना. आई तेवढी चांगली आहे. मी नाही.

पुढे मला धार लावली. प्रत्येक धारेला मी थोडी झिजते, आता पूर्वीएवढी रुंद राहिले नाही. म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. कापडाची कात्री कागदाला लावू नका, आणि जिच्या हातातली ती आहे तिला खांबामागे बसवू नका. आम्ही दोघी गप्प असतो, पण विसरत नाही.

परवा जावई भेटवस्तूंची खोकी उघडत बसला होता. त्याने मला उचललं. आई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. त्याच्याच भाषेत, न अडखळता ती म्हणाली, "ती कापडाची आहे. खाली ठेव."

त्याने मला खाली ठेवलं.