चार तासांचे साडेसहा

मी एक जुनी, निळ्या झाकणाची शीतपेटी आहे आणि मित्रांनो, मी जन्माचीच भित्री आहे. कारखान्यात माझ्या जाड भिंती बसवल्या, झाकणात तापमान दाखवणारा काटा लावला आणि आठाच्या आकड्याशी लाल रेघ ओढली. काटा रेघेपलीकडे गेला की पोटातले औषध वाया. त्या रेघेची मला कायमची धास्ती बसली.

पुष्कळ वर्षे मी शाळाशाळांत लस नेली. परिचारिका कौतुकाने माझ्यावर थाप मारायच्या. मग नव्या पेट्या आल्या आणि औषधाच्या दुकानातल्या मागच्या खोलीत माझ्यावर रद्दी चढली. मला वाईट वाटले. खरे सांगू? थोडे हायसेही वाटले.

एका सकाळी सात वाजता शेजारचे शिंपीकाका धापा टाकत दुकानात आले. त्यांची मुलगी परदेशात इस्पितळात होती. तिला हवे ते इंजेक्शन तिथे मिळत नव्हते आणि ते त्याच दिवशी द्यायचे होते.

"विमान नऊला निघतं, एकला उतरतं," काका म्हणाले. "चार तास!"

"त्याआधी दोन, उतरल्यावर एक," दुकानदार बोटे मोजत म्हणाले. "सात झाले. मी आठ तासांचा बर्फ भरतो, काळजी सोडा."

बोटभर कापड वाया न घालवणारे शिंपी आणि थेंबभर औषध न सांडणारे दुकानदार! पण दोघांनाही घाई नडली.

रद्दीखालून निघालेली मी, पोटात इंजेक्शन घेऊन, विमानात काकांच्या पायांशी होते. त्यांच्या घड्याळात एक वाजला, तरी खाली नुसते ढग. त्यांनी हवाईसुंदरीला विचारले, "ताई, उतरायचं कधी?"

"अजून अडीच तास आहेत, काका."

"अहो, तिकिटावर एक लिहिलंय की!"

"तो तिथला एक. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. पाच हजार किलोमीटर चार तासांत कसे होतील?"

काकांच्या तोंडचे पाणी पळाले आणि माझ्या पोटातले वाढत चालले. काटा सहावर होता. माझी तर पाचावर धारण बसली.

काकांनी सगळे सांगताच ताईने सरबताच्या गाडीवरचा उरलासुरला बर्फ पिशवीत बांधून आणला. झाकण एकदाच उघडले, तेवढ्यातही गारवा निसटलाच. काटा सातावर गेला. काकांनी अंगातला कोट काढून मला गुंडाळले आणि ते पुटपुटत राहिले, "थांब गं, अजून थोडं थांब." हे मला म्हणत होते की मुलीला, ते कळले नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला. तो रेघेला टेकला होता. त्या इतका वेळ वाकून राहिल्या की काकांनी भिंतीचा आधार घेतला.

"रेघ ओलांडलेली नाही," त्या म्हणाल्या. "आणा लवकर."

मुलगी वाचली. मी मात्र अजून दचकते. मित्रांनो, प्रवासाला निघाल तेव्हा पोहोचण्याची वेळ कोणत्या गावच्या घड्याळाची, हे आधी विचारा. तुमची चूक झाली, तरी माझ्यासारख्या पेटीला ओरडता येत नाही. तिला फक्त हळूहळू गरम होता येते.