अनंतरावांच्या बैठकीतला मासा

कायमचं विलायतेला परतताना साहेबानं अनंतरावांना एक भेट दिली. अनंतराव झाशीच्या रेल्वे कारखान्यात नकाशे काढत. भेट म्हणजे सागवानी चौकट, वर काच आणि आत दगडात रुतलेला वीतभर मासा, काट्यांसकट. पाच कोटी वर्षांपूर्वीचा, असं साहेब म्हणाला होता.

चौकट मांडीवर धरून ते टांग्यात बसले, तर टांगेवाल्यानं मागे वळून विचारलं, "बाबूजी, ये पकेगी कैसे?"

घरी पत्नी वसुंधराबाईंनी दारातच अडवलं.

"मेलेला मासा घरात यायचा नाही."

"अगं, दगड आहे तो."

"दगडाला काटे असतात?"

मासा चिखलात पुरला गेला, चिखलाचा दगड झाला, असं सगळं अनंतरावांनी समजावून सांगितलं.

"म्हणजे मासाच की," बाई म्हणाल्या.

तरी अनंतरावांनी तो बैठकीत टांगला. त्या दिवसापासून घरातली चूल बंद झाली. बाईंचं माहेर झाशीतच, बड्या बाजारात. त्या दोन्ही वेळा तिकडे जेवून येत. अनंतराव स्टेशनवरच्या पुऱ्या खात.

चौथ्या दिवशी सासरे केशवराव निवाडा करायला आले. पंचांग वाचायचं भिंग लावून त्यांनी मासा शेपटीपासून डोक्यापर्यंत पाहिला.

"पाच कोटी वर्षं म्हणता? मग सुतक केव्हाच फिटलं."

अनंतरावांनी इथेच थांबायला हवं होतं. पण त्यांना चेव आला. "आपल्या शाळिग्रामावरचं चक्रसुद्धा अशाच एका शंखातल्या जीवाचं. साहेबानंच सांगितलं."

केशवरावांनी भिंग खिशात घातलं. "तुमच्या साहेबानं आमच्या देवात गोगलगाय घातली?"

देव्हाऱ्यातला शाळिग्राम आणून वसुंधराबाईंनी चौकटीशेजारी धरला आणि बराच वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे पाहिलं.

"यांचं खरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मग दुजाभाव नको. उद्यापासून याचीही पूजा. पण मी त्याला शिवणार नाही. तुम्हीच करायची, सोवळ्यानं, चहाच्या आधी."

"मी?" मुंज झाल्यापासून अनंतराव देव्हाऱ्यापुढे बसले नव्हते.

"नाहीतर पुऱ्या आहेतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव ओलेत्यानं कुडकुडत स्टुलावर उभे राहून चौकटीला तुळशीचं पान चिकटवत होते. केशवराव खालून मंत्र सांगत होते आणि उच्चार चुकला की पुन्हा म्हणायला लावत होते. आतून फोडणीचा वास येत होता.